सप्लाय चेन मॅनेजमेंटचा अभ्यास: क्रम चुकू नये म्हणून

सप्लाय चेन मॅनेजमेंटला प्रवेश घेणारे बरेच विद्यार्थी अभ्यासाला उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी लीन, अजाईल, रेझिलिअन्स असे भारदस्त शब्द पाठ होतात, मग सूत्रं. संख्याशास्त्र ‘पुढे बघू’ म्हणून मागे पडतं आणि खरे आकडे हातात येतात ते थेट प्रबंधाच्या सत्रात. तिथे गाडी अडते, आणि तोवर मागे जाऊन पाया भरायला सवड उरलेली नसते.

खालचा क्रम दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांनाही तो चालेल. विषयांची नावं विद्यापीठागणिक बदलतात, आतला मजकूर फारसा बदलत नाही.

## टप्पा १: प्रवेश पक्का करण्याआधी अभ्यासक्रम उघडून वाचा

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. व्यवस्थापन विभागात खरेदी, वाटाघाटी, करार आणि वित्त यांवर भर असतो. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये ऑप्टिमायझेशन आणि सिम्युलेशनवर, तर लॉजिस्टिक्सच्या विभागात वाहतूक, बंदरं आणि कस्टम्सवर. माहितीपत्रकातून हा फरक कळत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा; त्या अर्ध्या तासात सगळं सांगून टाकतात.

विभागाला तीन प्रश्न विचारा. आकडेमोडीचे सक्तीचे पेपर किती? प्रयोगशाळेत कोणतं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरतात? प्रकल्पासाठी कंपनी आणि डेटा विभाग मिळवून देतो, की विद्यार्थ्याने शोधायचा? तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं तर प्रबंधाची तयारी एक सत्र आधी सुरू करावी लागेल, एवढं धरून चाला.

## टप्पा २: वर्ग सुरू होण्याआधी

दोनच गोष्टी पक्क्या करा: संख्याशास्त्र आणि स्प्रेडशीट. पायथन नंतर शिकता येतं.

संख्याशास्त्रात सरासरी, प्रमाण विचलन, नॉर्मल वितरण आणि साधं रिग्रेशन पुरे. मात्र एक नियम हाडात मुरला पाहिजे. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या राशींची बेरीज करताना प्रसरणांची, म्हणजे प्रमाण विचलनांच्या वर्गांची बेरीज होते. प्रमाण विचलनांची होत नाही. साठ्याचा अख्खा विषय या एका ओळीवर उभा आहे.

स्प्रेडशीटमध्ये पिव्होट टेबल, लुकअप, डॉलर चिन्हाने पेशी गोठवणं आणि सॉल्व्हर, म्हणजे अटी पाळून सर्वांत चांगलं उत्तर शोधणारं साधन, यायला हवं. एक्सेलमध्ये सॉल्व्हर असतो, पण तो ॲड-इनमधून सुरू करावा लागतो. परीक्षेच्या दिवशी तो शोधत बसू नका.

तपासणी: रोजची मागणी सरासरी १०० नग आणि प्रमाण विचलन २० असे ३६४ दिवसांचे यादृच्छिक आकडे तयार करा. त्यांच्या ५२ आठवड्यांच्या बेरजा काढा आणि त्या बेरजांचं प्रमाण विचलन पाहा. ते ५३ च्या आसपास येईल, १४० येणार नाही. का, हे कागद न बघता सांगता आलं तर पुढे जा.

## टप्पा ३: एक वस्तू धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका

मला विचाराल तर हा सगळ्यात कामाचा टप्पा आहे, आणि नेमका हाच कोणी करत नाही. पहिल्या आठवड्यात एक वस्तू निवडा: टेबल लॅम्प, सायकलचं हेल्मेट, पाण्याचा फिल्टर, काहीही. तिचे सुटे भाग मोजता येतील इतकेच असावेत, त्यातले काही बाहेरून येणारे असावेत आणि ग्राहकाच्या हाती पोचण्याआधी ती किमान दोन ठिकाणी साठवली जात असावी. मोटारगाडी निवडलीत तर भागांच्या यादीतच सत्र संपेल. मीठ निवडलंत तर लिहायला काही उरणार नाही.

या वस्तूची एक फाईल करा. प्रत्येक पेपर शिकताना त्यात एक पान वाढवा: भागांची यादी, प्रत्येक भागाचा लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल मिळेपर्यंतचा काळ), कुठे किती माल थांबतो, मागणी कशी हलते, पैसा कुठे अडकतो. मार्शल फिशर यांनी १९९७ मध्ये मांडलेली विभागणी इथेच लावून पाहा. तुमची वस्तू स्थिर मागणीची, रोजच्या गरजेची आहे, की मागणीचा भरवसा नसलेली, नावीन्यावर विकली जाणारी? पहिलीसाठी स्वस्त साखळी लागते, दुसरीसाठी चपळ. उत्तर कारणासकट लिहा.

सावधान: माहीत असलेलं आणि गृहीत धरलेलं वेगवेगळ्या रंगात ठेवा. तीन महिन्यांनी स्वतःचीच गृहीतकं वस्तुस्थिती वाटू लागतात.

## टप्पा ४: विषय या क्रमाने पक्के करा

वेळापत्रकात पेपर कोणत्याही क्रमाने येवोत, मनातला क्रम असा ठेवा: मागणीचा अंदाज, साठा, उत्पादन नियोजन, वाहतूक आणि नेटवर्क, खरेदी. धोरणाचा पेपर अगदी शेवटी. मागणी अनिश्चित असते म्हणून साठा लागतो आणि साठा महाग पडतो म्हणून नेटवर्कचा विचार करावा लागतो. हा धागा तुटला की प्रत्येक पेपर सुटा वाटतो.

### ४.१ मागणीचा अंदाज

पहिली चूक सूत्राच्या आधीच होते: विक्रीलाच मागणी समजणं. माल संपला त्या दिवशी विक्री शून्य, पण मागणी शून्य नव्हती. ते शून्य तसंच ठेवलं तर पुढचा अंदाज खाली येतो, ऑर्डर कमी जाते आणि माल पुन्हा संपतो. अशा दिवसांवर आधी खूण करा, मॉडेल नंतर.

दुसरं, सर्वांत साध्या अंदाजाशी तुलना केल्याशिवाय कोणतंही मॉडेल सादर करू नका. ‘गेल्या आठवड्याइतकीच मागणी येईल’ या अंदाजाला जे हरवत नाही, ते कितीही आधुनिक असो, टाकून द्या. चाचणीसाठी शेवटचा काळ बाजूला ठेवा; मधून मधून दिवस उचलू नका, नाहीतर मॉडेलला भविष्य आधीच दिसलेलं असतं.

तिसरं, टक्केवारीतली सरासरी चूक, म्हणजे मेप, कमी मागणीच्या मालाला लावू नका. शून्य मागणीच्या दिवशी शून्याने भागावं लागतं आणि एक-दोन नगांच्या मागणीत टक्केवारी आभाळाला भिडते. नगांमधली सरासरी चूक मोजा, शिवाय सगळ्या चुकांची चिन्हासकट बेरीज करा. ती शून्याच्या आसपास न राहता एकाच बाजूला वाढत गेली, तर अंदाज झुकलेला आहे.

### ४.२ साठा

इथे थांबा. बहुतेक गुण आणि बहुतेक चुका इथेच आहेत. एकच उदाहरण पूर्ण करू.

रोजची मागणी सरासरी १०० नग, प्रमाण विचलन २०. लीड टाइम ९ दिवस. एक ऑर्डर देण्याचा खर्च ५००, एक नग वर्षभर साठवण्याचा खर्च ३६.५.

किती मागवायचं? किफायतशीर ऑर्डरच्या, म्हणजे ईओक्यूच्या सूत्रात वर्षाची मागणी ३६,५०० येते. २ × ३६,५०० × ५०० ÷ ३६.५ म्हणजे १०,००,०००, आणि त्याचं वर्गमूळ १,०००. आता नेहमीची चूक पाहा: मागणी रोजची, म्हणजे १०० घेतली आणि साठवणीचा खर्च वर्षाचाच ठेवला. उत्तर येतं ५२. सूत्र बरोबर, एककं भिन्न. मागणी रोजची घ्यायची तर साठवणीचा खर्चही रोजचा, म्हणजे ०.१ घ्या, उत्तर पुन्हा १,००० येईल.

आणखी एक गोष्ट प्रश्नपत्रिकेत फारशी विचारत नाहीत, पण कामावर सतत लागते. या सूत्राचा आलेख तळाशी सपाट असतो. १,००० ऐवजी १,५०० मागवले तरी ऑर्डर आणि साठवण यांचा एकूण खर्च सुमारे ८ टक्केच वाढतो. पूर्ण पॅलेट किंवा पूर्ण कंटेनरसाठी आकडा खुशाल वरखाली करा.

केव्हा मागवायचं? नऊ दिवसांची सरासरी मागणी ९००. तिचं प्रमाण विचलन २० × ९ = १८० नव्हे, तर २० × √९ = ६०. चक्र सेवा पातळी (अर्थ खाली येतो) ९५ टक्के हवी, तर नॉर्मल वितरणातून १.६५ मिळतो आणि १.६५ × ६० = ९९ नग सुरक्षा साठा, म्हणजे अनपेक्षित मागणीसाठी राखून ठेवलेला माल. म्हणजे साठा ९९९ वर आला की ऑर्डर द्यायची.

आता लीड टाइमसुद्धा हलतो असं धरा: सरासरी ९ दिवस, प्रमाण विचलन २ दिवस. प्रसरण होतं ९ × ४०० + १०० × १०० × ४ = ४३,६०० (४०० म्हणजे २० चा वर्ग, ४ म्हणजे २ चा). वर्गमूळ सुमारे २०९, आणि सुरक्षा साठा जवळपास ३४५. मागणी तीच, पुरवठादाराच्या दोन दिवसांच्या बेभरवशाने साठा साडेतीन पट झाला. हा आकडा एकदा स्वतःच्या हाताने काढला की ‘पुरवठादाराची विश्वासार्हता महत्त्वाची’ असली वाक्यं उत्तरपत्रिकेत लिहावीशी वाटत नाहीत. किती महत्त्वाची, ते लिहिता येतं.

सावधान: ९५ टक्के चक्र सेवा पातळी म्हणजे ९५ टक्के मागणी पुरवली, असं नव्हे. तिचा अर्थ, शंभरातल्या ९५ ऑर्डर-चक्रांत माल संपत नाही. स्थिर लीड टाइमच्या पहिल्या उदाहरणात दर चक्राला सरासरी सव्वा नग कमी पडतो. ऑर्डर १,००० नगांची आहे, म्हणजे मागणीतले सुमारे ९९.९ टक्के नग वेळेवर मिळतात. या दुसऱ्या मापाला फिल रेट म्हणतात. कंपनीतला माणूस ‘आमची सेवा पातळी ९८’ म्हणाला, की आधी विचारा, कोणती?

### ४.३ उत्पादन नियोजन

एमआरपीचं, म्हणजे कोणता भाग किती आणि केव्हा मागवायचा हे ठरवणारं कोष्टक एकदा तरी हाताने भरा. सॉफ्टवेअर भरून देतं, पण कुठे चुकलं ते दाखवत नाही. ठरलेली चूक समाईक भागाची. एका लॅम्पच्या तळाला ४ स्क्रू आणि माथ्याला २. पन्नास लॅम्पना २०० आणि १००, एकूण ३०० स्क्रू लागतात. हातात १२० आहेत, म्हणजे १८० मागवायचे. दोन जोडण्यांची कोष्टकं वेगवेगळी सोडवली आणि दोन्हीकडे १२० वजा केले, तर तळासाठी ८० आणि माथ्यासाठी शून्य येतात. शंभर स्क्रू कमी, आणि हे कळतं जोडणी थांबल्यावर. म्हणून भाग ज्या सर्वांत खालच्या पातळीवर येतो, तिथे सगळी मागणी आधी गोळा करा. साठा वजा करायचा तो एकदाच.

### ४.४ वाहतूक आणि नेटवर्क

मॉडेल आधी वाक्यांत लिहा: काय ठरवायचं, काय कमी करायचं, काय ओलांडायचं नाही. मग स्प्रेडशीट उघडा. सॉल्व्हरमध्ये रेषीय प्रश्नासाठी सिम्प्लेक्स एलपी ही पद्धत निवडा; तो आपोआप निवडलेला नसतो. मॉडेलमध्ये ‘इफ’ घातलं की ते सहसा रेषीय राहत नाही आणि सॉल्व्हर तक्रार करतो.

उत्तर ‘अशक्य’ आलं तर सॉल्व्हरला दोष देऊ नका. एकूण क्षमता आणि एकूण मागणी यांच्या बेरजा शेजारी मांडा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

तपासणी: गोदाम उघडायचं की नाही हे ० किंवा १ ने ठरवत असाल, तर ० आलेल्या गोदामातून एकही नग जात नाही ना, ते पाहा. जात असेल तर माल आणि गोदाम यांना जोडणारी अट विसरली आहे. स्थिर खर्च न भरता फुकटचं गोदाम वापरणारी उत्तरं दर वर्षी सादर होतात, आणि दिसायला ती फार सुंदर असतात.

### ४.५ खरेदी आणि करार

क्राल्जिच यांची १९८३ ची चौकट सगळे काढतात: एका अक्षावर पुरवठ्याची जोखीम, दुसऱ्यावर नफ्यावरचा परिणाम. चूक अशी, की चौकटीत वस्तू टाकून विद्यार्थी थांबतात. प्रत्येक घरासाठी वागणूक वेगळी हवी. अडचणीच्या भागासाठी, म्हणजे जोखीम जास्त पण नफ्यावर परिणाम कमी अशा भागासाठी, भाव पाडण्यात वेळ घालवू नका. पुरवठा टिकवा, पर्याय शोधा.

इन्कोटर्म्स २०२०, म्हणजे व्यापारात विक्रेता आणि ग्राहक यांच्या जबाबदाऱ्या वाटणाऱ्या अटी, यांत ११ नियम आहेत. त्यांतले ७ कोणत्याही वाहतुकीला चालतात, ४ फक्त जलवाहतुकीला. मालकी केव्हा बदलते हे ते ठरवत नाहीत. खर्च, जोखीम आणि कागदपत्रांची जबाबदारी तेवढी वाटून देतात. सीआयएफमध्ये (किंमत, विमा आणि भाडं) हमखास गल्लत होते. विक्रेता गंतव्य बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भरतो, पण जोखीम माल निघण्याच्या बंदरावर जहाजावर चढताच ग्राहकाकडे गेलेली असते. कंटेनरच्या मालाला एफओबीऐवजी (माल जहाजावर चढवून देणं) एफसीए (माल वाहतूकदाराकडे सुपूर्द करणं) योग्य, हेही लक्षात ठेवा. कंटेनर जहाजावर चढण्याच्या बराच आधी टर्मिनलमध्ये सुपूर्द होतो.

पैशाचं एकच गणित इथे जोडून घ्या. माल ६० दिवस पडून राहतो, ग्राहक ४५ दिवसांनी पैसे देतो, पुरवठादाराला ३० दिवसांनी द्यावे लागतात. ६० + ४५ − ३० = ७५ दिवस पैसा अडकला. तुमच्या वस्तूच्या फाईलमध्ये हे पान हवंच.

## टप्पा ५: बिअर गेम गंमत म्हणून खेळू नका

एमआयटीत तयार झालेला हा खेळ बहुतेक विद्यापीठांत खेळवतात. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार जागा. एकमेकांशी बोलायचं नाही. ऑर्डर आणि माल दोन्ही उशिरा पोचतात. ग्राहकाची मागणी सहसा एकदाच आणि थोडीशीच बदलते, तरी कारखान्यापर्यंत धुमाकूळ होतो.

खेळताना स्वतःच्या कागदावर एक रकाना वाढवा: हातातला साठा, अधिक मागवलेला पण न आलेला माल, वजा थकलेल्या ऑर्डरी. ऑर्डर या आकड्याकडे बघून द्या. फक्त हातातला साठा पाहणारे तीच कमतरता भरायला दर आठवड्याला नव्याने माल मागवत राहतात आणि मग सगळा माल एकदम येऊन आदळतो.

अहवालात चौघांच्या ऑर्डरी एकाच आलेखावर काढा. कारण म्हणून ‘संवादाचा अभाव’ एवढंच लिहून सुटू नका. ली, पद्मनाभन आणि व्हँग यांनी १९९७ मध्ये बुलव्हिप परिणामाची, म्हणजे मागणीतले चढउतार साखळीत मागे जाताना वाढत जाण्याची, चार कारणं वेगळी केली: अंदाज सतत नव्याने करणं, गठ्ठ्याने ऑर्डर देणं, किमतीतले चढउतार, आणि टंचाईच्या भीतीने फुगवून मागवणं. खेळात किंमत बदलत नाही, म्हणजे तिसरं कारण तिथे लागूच नाही. बाकी कोणती, कोणत्या आठवड्यात दिसली, ते आलेखावर बोट ठेवून दाखवा.

## टप्पा ६: केस आणि गटकाम

केसचं पहिलं आणि शेवटचं पान वाचा, मग तक्ते, मग सगळी. निर्णय कोणाला आणि कधीपर्यंत घ्यायचा आहे, हे आधी कळलं की तक्त्यातला कोणता आकडा कामाचा ते उमगतं. शिफारस एका वाक्यात लिहा आणि त्यात किमान एक संख्या असू द्या. ‘ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आणावी, पारदर्शकता वाढवावी’ हे उत्तर कोणत्याही केसला चिकटतं, म्हणूनच त्याला गुण पडत नाहीत.

गटात पानं वाटून घेऊ नका. स्प्रेडशीटची मालकी एकाकडे द्या, गृहीतकांचं पान वेगळं ठेवा, आणि ज्याने गणित केलं नाही त्याने ते तपासावं.

एएससीएम या संस्थेच्या सीपीआयएम किंवा सीएससीपी या प्रमाणपत्र परीक्षा मनात असतील तर साठा आणि नियोजनाचे पेपर झाल्यावर बघा. त्याआधी ते दुप्पट पाठांतर होतं.

## टप्पा ७: इंटर्नशिप

पहिले काही दिवस माल उतरवण्याच्या जागी मागून घ्या, डॅशबोर्डपुढे नको. काही वस्तूंचा फळीवरचा साठा मोजा आणि संगणकातल्या आकड्याशी ताडून पाहा. तफावत का पडते हे विचारत गेलात तर नुकसान, परतावा, चुकीची नोंद, मालाची पेटी एका ठिकाणी आणि नोंद दुसऱ्या ठिकाणी, असं सगळं समोर येतं.

लीड टाइम पुरवठादाराच्या कबुलीवरून घेऊ नका. ऑर्डर दिल्याच्या तारखेपासून माल वापरायला मोकळा झाल्याच्या तारखेपर्यंत मोजा. तपासणीत पडून राहिलेले दिवसही त्यात आले.

तपासणी: डेटा हाती येताच चार गोष्टी पाहा. संख्या पेटीत आहे की नगांत? परतावे ऋण ओळी म्हणून आलेत का? रद्द ऑर्डरी वगळल्या आहेत का? तारीख ऑर्डरची आहे की पाठवणीची? आणि हा डेटा प्रबंधात वापरायची लेखी परवानगी इंटर्नशिप संपण्याआधी घ्या. नंतर उत्तर देणारा माणूस सापडत नाही.

## टप्पा ८: प्रबंध

‘पुरवठा साखळीवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिणाम’ हा विषय होऊ शकत नाही. त्याला शेवट नाही. ‘लीड टाइमचे चढउतार धरले तर या एका गटातल्या मालाचा सुरक्षा साठा किती बदलतो?’ हा होऊ शकतो. लहान वाटेल, पण त्यात मागणी, पुरवठादार, साठा आणि पैसा सगळं येतं.

क्रम असा: परवानगी, डेटा, सफाई, सध्याच्या पद्धतीची मोजणी, तुमचं मॉडेल, आकडे हलवून पाहणं, लेखन. यात चौथी पायरी सर्वाधिक गाळली जाते. कंपनीची आजची पद्धत जुन्या डेटावर चालवून किती साठा राहिला आणि किती मागणी हुकली, हे आधी मोजा. मग त्याच डेटावर तुमची पद्धत चालवा. ‘साठा इतक्या टक्क्यांनी घटला’ असं म्हणायचं तर दोन्हीकडचा फिल रेट सारखा हवा. सेवा कमी करून साठा कोणीही घटवून दाखवेल.

वर्गमित्रांना प्रश्नावली पाठवून ‘रेझिलिअन्स’, म्हणजे धक्का पचवून सावरण्याची साखळीची क्षमता, मोजू नका. ज्यांनी कधी ऑर्डर दिलेली नाही, त्यांची मतं त्याबद्दल काही सिद्ध करत नाहीत.

सादर करण्याआधी प्रत्येक महत्त्वाचं गृहीतक २० टक्क्यांनी वर-खाली करा. शिफारस उलटत असेल तर ते गृहीतक परिशिष्टात लपवू नका, निष्कर्षाच्या पहिल्या परिच्छेदात घ्या. परीक्षकाचा पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.